पाहुणीला कावळा शिवला

आमच्याकडे उतरणारे पाहुणे जाताना काही ना काही विसरून जायचेच. टॉवेल, कंगवे, एकेकटी चप्पल. एकदा तर एका आजोबांची कवळी न्हाणीघराच्या कोनाड्यात राहिली होती. काकीने ती चिमट्याने उचलून फडक्यात बांधली आणि पोस्टाने पाठवली. आत काय आहे म्हणून पोस्टमनने विचारलं तेव्हा 'दात' म्हणायची तिला लाज वाटली आणि तिने 'देवाचा प्रसाद' असं सांगितलं. पण पुण्याच्या एका कुटुंबाने मागे ठेवलं ते विसरून नव्हे, चांगलं ठरवून ठेवलं. झाकणाला भोकं पाडलेली वेताची टोपली, आणि तिच्यात पांढऱ्या-तपकिरी रंगाचं, बिनशेपटाचं, सदान्‌कदा काहीतरी चावत असणारं एक गुबगुबीत जनावर. "गिनीपिग आहे. मुलीने हट्ट केला म्हणून घेतलं हो, पण गाडीत फार घाण करते. गणपतीत परत येऊ ना, तेव्हा नेऊ," असं त्या बाई म्हणाल्या आणि गाडीची काच वर करून निघून गेल्या. त्यांचा तो गणपती अजून यायचाच आहे.

आमचं घर हरिहरेश्वराच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून. मागे नारळी-पोफळींची वाडी, पुढे ओटी, आणि ओटीच्या खांबाला 'घरगुती जेवणाची व राहण्याची सोय' अशी पाटी. बाबा तिकडे पालीला शाळेत मास्तर, शनिवारी रात्री यायचे आणि रविवारी दुपारचं जेवून पुन्हा एसटीत बसायचे. त्यामुळे घरात राज्य काकीचं. काकी म्हणजे माझ्या थोरल्या काकांची बायको. काका मी जन्मायच्या आधीच गेले. काकी उंच, सडपातळ, आवाज असा की वाडीच्या पार टोकाला नारळ पाडणारा माणूस हाक ऐकून झाडावरच थबकायचा. स्वयंपाक सोवळ्यात, सोवळं कडक, आणि वालाचं बिरडं असं करायची की मुंबईचे लोक देवदर्शनाच्या नावाखाली बिरडं खायला यायचे. आई तिच्या हाताखाली. आईचा स्वभाव ऐकून घ्यायचा आणि मग स्वतःशी हसायचा. माझा स्वभाव ऐकून न घ्यायचा. त्यामुळे दिवसातून एकदा तरी काकीचं आणि माझं वाजायचंच.

टोपलीचं झाकण काढून काकीने त्या जनावराकडे बराच वेळ निरखून पाहिलं. "उंदीर म्हणावा तर शेपूट नाही, ससा म्हणावा तर कान नाहीत. देवाने अर्धवट सोडलंन हिला," ती म्हणाली. मी म्हटलं, नाव काय ठेवायचं? "नाव कशाला ठेवायचं? पाहुण्यांनी ठेवलीय ना, मग पाहुणी. पाहुण्याला उपाशी ठेवायचं नाही आणि हाकलायचंही नाही." झालं. त्या दिवसापासून ती पाहुणी. ओटीच्या कोपऱ्यात गोणपाटावर तिचा संसार मांडला गेला. आठवड्याभरात ती काकीची विळी ओळखायला लागली. काकी विळी मांडून बसली, पात्यावर पहिली काकडी चरचरली की ओटीवरून "वीऽक, वीऽक" अशी शिट्टी सुरू. काकी आतून ओरडायची, "आले गो बाई, आले, जीव नको काढूस!" माझ्या हाकेला काकीने इतक्या तत्परतेने कधी ओ दिल्याचं मला आठवत नाही.

आणि पाहुणचार म्हणजे तरी कसा! मागच्या दाराशी शेवगा होता. त्याचा पाला म्हणजे काकीच्या मते साक्षात शक्ती. पाहुणीला रोज सकाळी शेवग्याच्या पाल्याचा हा एवढा भारा. त्याच्या जोडीला पाण्यात चुन्याची निवळी. खायचा चुना पाण्यात कालवून रात्रभर ठेवायचा आणि वर आलेलं नितळ पाणी चमच्याने पाजायचं, हे काकीचं हुकमी औषध. बाळंतिणींना द्यायची, दात येणाऱ्या पोरांना द्यायची, मला तर नाक दाबून द्यायची. "केवढेसे ते पाय हिचे! हाडं बळकट नकोत?" असं म्हणून पाहुणीच्या करवंटीतल्या पाण्यात ती निवळी ओतायची, आणि पाणीही बेतानेच ठेवायची, जास्त प्याली तर सर्दी होईल म्हणून. काही दिवसांनी पाहुणी जिथे जिथे शू करायची तिथे वाळल्यावर पांढरी भुकटी दिसायला लागली. काकी कौतुकाने आईला म्हणाली, "बघितलंस? रांगोळी घालते. चांगल्या घरची आहे."

आज पनवेलला माझ्या लेकीच्या फ्लॅटमध्ये दोन गिनीपिग आहेत. त्यांना वाळलं गवत, काकडी, ढोबळी मिरची, पाण्याची उलटी टांगलेली बाटली. तशी पांढरी भुकटी जरा जास्त दिसली की लेक फोटो काढून डॉक्टरला पाठवते, आणि डॉक्टर लगेच कळवतो की कॅल्शियम जास्त होतंय, पालेभाजी कमी करा, पाणी वाढवा. मी सोफ्यावर बसून हे सगळं ऐकते आणि आमची रांगोळी आठवून मला हसू फुटतं. लेक म्हणते, आई, यात हसण्यासारखं काय आहे? आता तिला काय सांगू!

तर तो मे महिना. कोकमांचे दिवस. घरात जिकडे बघावं तिकडे लाल. सुपं लाल, हात लाल, अंगणातल्या चटया लाल, आईच्या पातळाचा काठ लाल. त्यामुळे पाहुणीच्या गोणपाटावर लाल ठिपका दिसला तेव्हा कुणालाच काही वाटलं नाही. "आमसुलं खाल्लीन मेलीने," काकी म्हणाली आणि कोकमाच्या चटया तिने ओटीपासून लांब, पार गोठ्याच्या बाजूला हलवल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा ठिपके. गोणपाट बदललं, तरी ठिपके. मग काकी गुडघे टेकून खाली वाकली, ठिपक्यांकडे बघितलंन, पाहुणीकडे बघितलंन, आणि तिच्या चेहऱ्यावर असा काही गंभीरपणा आला की मला वाटलं, आता कुणीतरी गेल्याची बातमी सांगणार. ती तरातरा आत गेली आणि आईच्या कानाशी लागली. मी दाराआड होतेच.

"अगो, कावळा शिवला तिला."

आईने हातातलं भांडं खाली ठेवलं. "कुणाला, वहिनी?"

"कुणाला काय? पाहुणीला! मोठी झाली ती."

ज्यांना हा कावळा माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. आमच्या घरात बाईची पाळी आली असं कुणी म्हणत नसे, कावळा शिवला म्हणत. कावळा शिवला की ती बाई बाजूला बसली. मागच्या पडवीत वेगळी चटई, वेगळं ताट, वेगळा तांब्या. तिने कुणाला शिवायचं नाही, तिला कुणी शिवायचं नाही. चौथ्या दिवशी डोक्यावरून आंघोळ केली की ती पुन्हा घरात. मला त्याच वर्षी पहिल्यांदा कावळा शिवला होता, आणि खरं सांगायचं तर ते दिवस मला सुट्टीसारखे वाटायचे. नारळ खवणायचे नाहीत, पाहुण्यांची ताटं मांडायची नाहीत, काकीने आतून हाका मारल्या तर "मला नाही येता येत!" असं पडवीतून गोड आवाजात ओरडायचं. पोटात दुखायचं तेवढा भाग सोडला तर झकास.

आई तोंडाला पदर लावून हसत सुटली. "वहिनी, जनावराला कसला आलाय विटाळ?" पण काकी ठाम. "बाईची जात ती बाईची जात. आज हिला सूट दिली तर उद्या ही पोर मागेल." ही पोर म्हणजे मी. त्याच दुपारी पाहुणीची टोपली, गोणपाट आणि करवंटी मागच्या पडवीत गेली. काकीने टोपलीला हात न लावता काठीने ढकलत ढकलत नेली. रात्री जेवणाच्या पंगतीत डोंबिवलीच्या एका काकांनी विचारलं, "ती तुमची गुबगुबीत पाहुणी कुठे गेली हो?" काकीने वाढता वाढता शांतपणे सांगितलं, "ती बाजूला बसलीय." त्या काकांना सोलकढीचा असा ठसका लागला की त्यांच्या बायकोला त्यांची पाठ चोळावी लागली.

आणि दुसऱ्याच दिवशी मलाही कावळा शिवला. चटई घेऊन मी पडवीत गेले तर समोर पाहुणी. मला तर आनंदच झाला. एरवी पडवीत बोलायला कुणी नसायचं, आता हक्काची सोबत. मी तिला म्हटलं, "काय हो बाई, तुमचंही असंच का?" आणि टोपलीतून काढून मांडीवर घेतलं. नियम असा की बाजूला बसलेलीने बाजूला बसलेलीला शिवायला हरकत नाही. म्हणजे त्या घरात पाहुणीला हात लावायची मुभा असलेली मी एकटी.

पडवीत दुसरं काही करण्यासारखं नसतं. बघत बसायचं. त्यामुळे मी दिवसभर तिच्याकडेच बघत होते आणि हळूहळू माझं हसू आटलं. ती चालायची नाही. पाठीची कमान करून कोपऱ्यात बसायची, केस पिंजारलेले, डोळे अर्धे मिटलेले. मधूनच उठायची, अंग आवळायची, आणि तिच्या तोंडून बारीक, ताणलेला आवाज यायचा. शिट्टी नव्हे ती, विव्हळणं. आणि इतकं करून पडायचा काय, तर एक थेंब, तोही लाल. मागचं अंग ओलं, चिकट. थोड्या वेळाने पुन्हा तेच. आत काकी विळी मांडून बसली, काकडी चरचरली, मी पाहुणीकडे बघितलं. तिने कानसुद्धा हलवला नाही. तेव्हा मला कळलं की ही बाजूला बसलेली नाही, ही आजारी आहे. आणि उपचार काय, तर चौथ्या दिवसाची वाट.

दुसऱ्या सकाळी ती थेंबही टाकेना. फक्त अंग आवळायची आणि विव्हळायची. पोट हाताला टणक लागत होतं. मी स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी जाऊन उभी राहिले. उंबऱ्याच्या अर्थात अलीकडे. आत तर युद्ध चाललेलं. मुंबईच्या मंडळींचा देवळात अभिषेक होता आणि नैवेद्य आमच्याकडून जायचा होता. काकी सोवळ्याच्या रेशमी लुगड्यात, मोदकांची उकड मळतेय, आई नारळाचं सारण ढवळतेय.

"काकी, पाहुणीला शू होत नाहीये. तिला डॉक्टरकडे न्यायला हवं."

"होईल गो. अशा दिवसांत दुखतं. चौथ्या दिवशी न्हाऊ घालू, बरं वाटेल."

"चौथा दिवस तिला दिसायचाच नाही. मरेल ती!"

"सकाळी सकाळी नैवेद्याच्या वेळी मरण काढू नकोस तोंडातून. जा, बस तिकडे. अभिषेक झाला की बघू."

आई माझ्याकडे बघत होती. तिला पटलं होतं हे तिच्या डोळ्यांत दिसत होतं, पण काकीपुढे बोलायची तिची प्राज्ञा नव्हती. मी पडवीत परत आले. पाहुणीने माझ्याकडे बघून पुन्हा तो आवाज काढला, आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख काहीतरी पेटलं. अरे, मला शिवायचं नाही ना कुणी? म्हणजे मला अडवायचंही नाही कुणी!

मागून वाडीतून रस्त्याला लागायची वाट होती. पण मागून कशाला जायचं चोरासारखं? मी टोपली छातीशी धरली, उंबरा ओलांडला आणि सरळ स्वयंपाकघरातून निघाले. आहाहा, काय तो देखावा! काकी उकडीचे हात वर धरून "अगोऽ, शिवशील! शिवशील!" करत भिंतीला चिकटली. आईने मोदकपात्र डोक्याच्या वर उचललं. माजघरात अभिषेकाची मंडळी नटूनथटून बसली होती, ती काय झालं ते न कळताच पाय वर घेऊन पलंगावर चढली. मी मधून अशी चालत गेले जशी पालखी चाललीय. घरात माझ्यासाठी इतकी वाट कधी कुणी मोकळी केली नव्हती, नंतर लग्नातही नाही. ओटीवरून अंगणात, अंगणातून रस्त्यावर. तिथे दामूची टमटम उभीच होती, मंडळींना देवळात न्यायला आलेली.

"दामूदादा, श्रीवर्धनला गुरांच्या दवाखान्यात चल. लवकर!"

दामू विडी विझवत म्हणाला, "आन देवळाची मानसं?"

"देव कुठे पळून जात नाही."

टमटम सुरू होते न होते तोच मागून काकीचा आवाज आला. वळून बघते तर काकी अंगणातून धावत येतेय, हाताला उकड, अंगावर सोवळ्याचं लुगडं, डोक्यावरचा पदर वाऱ्यावर. आई दारातून विचारत होती, "वहिनी, अहो, मोदक?" आणि काकी मागे न बघता ओरडली, "चुलीत घाल तुझे मोदक! पोर एकटी चाललीय, आणि ती अशी!" ती पुढे दामूच्या शेजारी चढून बसली, अंग चोरून, माझ्याकडे पाठ करून. हे बसणं रागाचं होतं की सोवळ्याचं ते तिलाच ठाऊक.

मग दामूने आरशातून मागे बघून विचारलं, "काय झालं हाय तिला?"

"शू होत नाहीये. रक्त पडत होतं, आता तेही नाही."

"म्हंजी तटली. आमच्या बैलाची अशीच तटली व्हती. ह्याच डॉक्टरनं सोडवली. येळ केला असता तर न्हाय वाचता." मग काकीकडे वळून म्हणाला, "काकी, तुमाला ठाव नव्हतं व्हय?"

काकी म्हणाली, "तू समोर बघून चालव." पण तिचा आवाज नेहमीचा नव्हता.

दवाखान्यात एक शेळी आणि एक रेडकू आमच्या आधी होतं, पण पाहुणीचं विव्हळणं ऐकून त्यांच्या मालकांनी आम्हाला पुढे सोडलं. डॉक्टर तरुण, जाड चष्म्याचा. टोपलीत बघून तो दचकलाच. "अहो, कॉलेजात आम्हाला यांच्यावर सुया टोचायला शिकवलं. यांना बरं करायला नाही शिकवलं!" तरी त्याने तिला टेबलावर घेतलं. पोट चाचपलं. टोपलीतल्या गोणपाटाच्या डागावर जखम धुवायचं औषध ओतलं, तर डागावर पांढरा फेस आला. "हे रक्तच. कोकमाला असा फेस येत नाही," तो म्हणाला. "खायला काय देता?"

इतका वेळ दाराशी अंग चोरून उभी असलेली काकी इथे मात्र मान ताठ करून पुढे आली. "शेवग्याचा पाला. आमच्या दारचा. आणि पाण्यात रोज चुन्याची निवळी."

डॉक्टरने कपाळाला हात लावला. "काकू, तुम्ही हिच्या पोटात घर बांधायला काढलंय का? तो सगळा चुना साठला. खडा झालाय, मुतखडा. आणि दारात येऊन अडकलाय."

"पण आम्हाला वाटलं..." काकी थांबली. मग खाली बघून, आवाज बारीक करून म्हणाली, "बाजूला बसलीय."

डॉक्टरला आधी कळेना. कळलं तेव्हा त्याने हसू आवरायचा फार प्रयत्न केला. "अहो, यांना पाळी नसते. यांच्यात रक्त दिसलं की समजायचं, दुखणं आहे. आणखी एक दिवस ठेवली असती तर गेली असती. बरं, आता नीट ऐका. मादी आहे हे हिचं नशीब, मादीची वाट जरा रुंद असते. खडा बाहेरून ढकलून निघाला तर निघाला. पण मला दोन हात इकडे लागणार. हिला घट्ट कुणी धरायचं?"

"मी," मी म्हटलं आणि धरलं. पण माझे हात असे कापत होते की पाहुणी त्यांच्यासकट थरथरत होती. डॉक्टर म्हणाला, असं नाही चालणार, हलली तर आत फाटेल. मी म्हटलं, धरते हो. पण हात ऐकेनात, आणि मला रडू फुटलं. भीतीने, रागाने, सगळ्यानेच.

तेव्हा काकी पुढे आली. तिने माझे हात सोडवले. एकेक बोट धरून सोडवले, आणि त्यांच्या जागी स्वतःचे ठेवले. सोवळ्यातल्या काकीने, बाजूला बसलेल्या मला शिवून, बाजूला बसलेल्या जनावराला धरलं. दोन्ही तळव्यांत घट्ट, तोंड कानाशी नेऊन. आणि मग ती काय बोलायला लागली! गावात कुणी बाळंतपणात अडली की काकी तिच्या उशाशी बसायची, तोच सूर. "हां, बायो माझी. घाबरायचं नाही. थोडीशी कळ सोस. आली, आली, आता एक... शाबास गो माझी राणी." डॉक्टरने बधिर करायचं औषध लावलं, तेल सोडलं, बोटांनी हळूहळू ढकलत राहिला. पाहुणी एकदा किंचाळली. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा टेबलावर साबुदाण्याच्या दाण्याएवढा, खडबडीत, पिवळट खडा पडला होता. आणि त्याच्या मागोमाग पाहुणीने इतक्या वेळची कोंडलेली सगळी धार सोडली, ती थेट काकीच्या रेशमी लुगड्यावर.

काकीने लुगड्याकडे बघितलं. मग पाहुणीकडे. आणि ती हसायला लागली. मी काकीला खुदकन हसताना पाहिलं होतं, पण असं पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसताना कधीच नाही. "मोकळी झाली! मोकळी झाली गो बाय!" ती म्हणत होती आणि ओला पदर झटकत होती. बाहेर शेळीवाल्याला वाटलं, आत कुणीतरी बाळंत झालं.

डॉक्टरने बजावलं, शेवगा बंद, निवळी बंद, पाणी भरपूर, हिरवं गवत आणि काकडी द्या, आवळ्याची फोड द्या. पुन्हा अंग आवळताना किंवा विव्हळताना दिसली तर लगेच आणा, वाट बघू नका. गाईम्हशींना टोचतो ते औषध त्याने मुद्दाम दिलं नाही. म्हणाला, त्याने खडा नव्हे, हीच जाईल, हे एक मात्र कॉलेजात शिकवलंय. आणि जुनं पुस्तक उघडून दुसरं काहीतरी शोधून दिलं.

परतताना काकी मागे माझ्या शेजारी बसली. टोपली मध्ये. एका बाजूला समुद्र, एका बाजूला डोंगर, दामू काहीतरी गुणगुणत होता. बरंच पुढे गेल्यावर काकी टोपलीकडे बघतच म्हणाली, "मी पण होते गो अशी. त्याच पडवीत. तेव्हा तुझे काका होते. मला दिवस गेले होते, पण कुणाला सांगितलं नव्हतं अजून, लाज वाटायची. मग एक दिवस रक्त दिसलं. सगळे म्हणाले, कावळा शिवला, बस बाजूला. बसले. फार दुखत होतं. चौथा दिवस गेला, पुढचेही गेले. कुणी विचारलं नाही. बाजूला बसलीय म्हटलं की कुणी बघत नाही ना." मग जरा वेळाने, "ते गेलंच. त्यानंतर काही राहिलं नाही." तिने हे अगदी साध्या आवाजात सांगितलं.

आता मी काकीच्या तेव्हाच्या वयाच्या किती तरी पुढे गेलेय. कित्येकदा वाटतं, त्या टमटममध्ये मी तिचा हात धरायला हवा होता. पण तेरा वर्षांच्या पोरीला कुठलं एवढं सुचतं? मी टोपलीतून पाहुणीला काढून तिच्या मांडीवर ठेवली, एवढंच. तिने ठेवू दिली.

घरी आई दारात. मोदक फुटले होते, अभिषेकाची मंडळी चालत देवळात गेली होती, नैवेद्याला दहीभात गेला होता. आईने काकीच्या ओल्या लुगड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "वहिनी, शिवलात की काय?"

"शिवले," काकी म्हणाली. "पुढे काय?" आणि हात धुऊन ती स्वयंपाकघरात गेली. आंघोळ न करता. आईच्या हातातली पळी तशीच राहिली.

पाहुणी त्यानंतर पुष्कळ जगली. ओटीवरच्या आपल्या कोपऱ्यात परत गेली, विळीला शिट्ट्या मारायला लागली. काकी रोज सकाळी चष्मा लावून तिचं गोणपाट तपासायची आणि ओरडून सगळ्यांना वर्दी द्यायची, "पाहुणीला आज छान झाली!" नवे पाहुणे चहा पिता पिता एकमेकांकडे बघायचे.

पुढच्या महिन्यात मला पुन्हा कावळा शिवला. मी चटई काखेत मारून नेहमीसारखी पडवीकडे निघाले. खरं तर जरा खुशीतच होते, कारण त्या दिवशी चांगली बत्तीस ताटांची पंगत होती. काकी चुलीपाशी होती. तिने मान वळवून बघितलं.

"कुठे चाललीस?"

"मागे. कावळा..."

"कळलं." तिने तवा उतरवून ठेवला, उठली, उंबऱ्यापाशी माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि माझ्या कपाळावर हात ठेवला. "दुखतंय का गो?"

मला ते आजवर कुणीच विचारलं नव्हतं. मी हो म्हणून मान हलवली.

"मग इथे आत ये, माझ्याजवळ पड," काकी म्हणाली. "तिकडे तुला कोण बघणार?"